पोस्टग्रेसमधला बफर ओव्हरफ्लो: लॉगिन लागतं म्हणून पॅच पुढे ढकलावा का?

तुमचे तीन प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे लिनक्सवर पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरची १४.९ ही आवृत्ती चालू आहे. सुरक्षा स्कॅनरने त्यावर सीव्हीई-२०२३-५८६९ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा नोंद-क्रमांक) हा बफर ओव्हरफ्लोचा, म्हणजे राखलेल्या जागेबाहेरच्या मेमरीत लिहिलं जाण्याचा दोष दाखवून त्याला धोक्याचे दहापैकी ८.८ गुण दिलेत. डेटाबेस इंटरनेटवर उघडा नाही आणि त्यात फक्त अ‍ॅप्लिकेशन व दोन-तीन रिपोर्टिंग खाती लॉगिन करतात. म्हणून तीन महिन्यांनंतरच्या नियोजित बंदपर्यंत पॅच थांबवता येईल का, हा पहिला प्रश्न. फायरवॉल आणि ऑपरेटिंग सिस्टिमची मेमरी-संरक्षणं यांवर भागेल का, हा दुसरा. तुमच्या टीमने सी भाषेत लिहिलेल्या एक्स्टेन्शनमध्ये (सर्व्हरला जोडलेल्या जादा कोडमध्ये) हीच चूक नाही ना, हे कसं तपासायचं, हा तिसरा.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: तीन महिने थांबू नका. हे मायनर, म्हणजे त्याच मालिकेतलं दुरुस्त्यांचं अपडेट आहे, त्यात डेटा बाहेर काढून परत भरावा लागत नाही आणि प्रत्यक्ष बंद काही मिनिटांचा असतो. एवढ्या स्वस्त उपायासाठी तीन महिने धोका अंगावर ठेवण्यात काहीच मिळत नाही. पण नुसतं ‘करा’ म्हणून तुमचे वरिष्ठ ऐकणार नाहीत, म्हणून कारणं नीट सांगतो.

८.८ हा आकडा मोठा की लहान यावर फार वेळ घालवू नका. पाहायचं ते वेगळंच: हल्लेखोराने तयार केलेले बाइट त्या सदोष कोडपर्यंत कोणत्या वाटेने पोचू शकतात, आणि त्या वाटेवर आधीपासून कोण उभं आहे? गुणांकनात ही गोष्ट एकाच रकान्यात दडलेली असते. जाळ्यावरून (नेटवर्कवरून) करता येणारा, सोपा, कोणाच्या क्लिकची गरज नसलेला आणि सगळं काही हाती देणारा दोष लॉगिनशिवाय वापरता येत असेल तर ९.८ मिळतात. साधं, कमी अधिकारांचं लॉगिन लागत असेल तर तोच ८.८ वर येतो. म्हणजे तुमच्या अहवालातला सगळा दिलासा त्या एका गुणाएवढा आहे, आणि तो दिलासा खरा आहे का हेच तपासायचं आहे.

दोन्ही टोकांची उदाहरणं समोर ठेवली की फरक कळतो. लॉगिनआधीचं टोक म्हणजे २५ जानेवारी २००३ रोजी पसरलेला स्लॅमर हा वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेसमध्ये एकाच मशीनवर अनेक इन्स्टन्स (स्वतंत्र चालणाऱ्या प्रती) असतील तर कोणता कुठे आहे हे सांगणारी एक छोटी सेवा यूडीपी या जाळ्याच्या पद्धतीने १४३४ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असे. आलेल्या पॅकेटचा पहिला बाइट ४ असला की त्यापुढचं नाव ती सेवा विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या एका मार्गात चिकटवायची. त्यासाठी स्टॅकवर, म्हणजे चालू फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, ठरावीक लांबीची जागा होती आणि नावाची लांबी कोणी मोजत नव्हतं. लांबलचक नाव आलं की ते जागेबाहेर सांडून फंक्शनच्या परतीच्या पत्त्यावर लिहिलं जायचं, आणि फंक्शन संपताच सर्व्हर हल्लेखोराच्या कोडमध्ये उडी मारायचा. संपूर्ण वर्म ३७६ बाइटांचा होता. यूडीपीत आधी हस्तांदोलन लागत नाही, त्यामुळे एक पॅकेट पुरत होतं. सुरुवातीला बाधित मशीनची संख्या साडेआठ सेकंदांत दुप्पट होत होती, आणि हा दोष असलेल्या मशीनपैकी ९० टक्क्यांहून अधिक दहा मिनिटांत बाधित झाली. मायक्रोसॉफ्टने या दोषाचा पॅच २४ जुलै २००२ ला दिला होता, म्हणजे सहा महिने आधी.

‘आमचा डेटाबेस आतल्या जाळ्यात आहे’ या युक्तिवादालाही स्लॅमरनेच उत्तर दिलं. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात बाहेरच्या फायरवॉलवर हे पोर्ट अडवलेलं होतं. वर्म आत आला तो एका कंत्राटदाराच्या जाळ्यातून, फायरवॉलला वळसा घालणाऱ्या थेट जोडणीवरून. अणुभट्टी त्या काळात बंदच होती, तरी सुरक्षेची मापं दाखवणारी यंत्रणा जवळपास पाच तास कोलमडली. आतलं जाळं म्हणजे सुरक्षित जाळं, हे गृहीतक तुमच्याकडे कितपत खरं आहे ते व्हीपीएन, कंत्राटदार, चाचणी सर्व्हर आणि बॅकअपच्या मशीन यांची यादी केल्याशिवाय ठरत नाही.

दुसरं टोक लॉगिननंतरचं, म्हणजे तुमचं. तुमचा दोष अ‍ॅरेच्या, म्हणजे किमतींच्या क्रमवार यादीच्या, कोडमध्ये आहे. पोस्टग्रेसमध्ये अ‍ॅरेचा खालचा क्रमांक १ च असला पाहिजे असं बंधन नाही, तो ऋणही चालतो. शिवाय एकमितीय अ‍ॅरेत सध्याच्या हद्दीबाहेरच्या क्रमांकावर किंमत ठेवली की सर्व्हर अ‍ॅरे तिथपर्यंत वाढवतो आणि मधल्या जागा नलने (‘किंमत नाही’ या खुणेने) भरतो. चार घटकांच्या अ‍ॅरेत सहाव्या जागी काही ठेवलं तर पाचवी जागा नल होते. त्यासाठी सर्व्हरला गणित करावं लागतं: नवे घटक किती, मेमरी किती, जुने घटक कुठे सरकवायचे. हे गणित ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकांत चालतं आणि त्यांची वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. पोस्टग्रेस ज्या पर्यायांनी कंपाइल होतं त्यांत या मर्यादेपलीकडची बेरीज गुंडाळली जाऊन ऋण होते. काही ठिकाणी ही तपासणी राहून गेली होती. आकडा चुकला की मागितलेली मेमरी आणि लिहायला घेतलेला मजकूर यांचा मेळ तुटतो आणि लेखन शेजारच्या मेमरीत जातं. म्हणजे इथे बफर ओव्हरफ्लो हा परिणाम आहे, मूळ चूक बेरजेची आहे. लांब मजकूर अडवणाऱ्या गाळण्या इथे निरुपयोगी ठरतात, कारण इथे लांब मजकूर लागतच नाही. आडमुठा क्रमांक पुरतो.

दुरुस्ती ९ नोव्हेंबर २०२३ ला १६.१, १५.५, १४.१०, १३.१३, १२.१७ आणि ११.२२ मध्ये आली. याच कुळातला आणखी एक दोष, सीव्हीई-२०२१-३२०२७, मे २०२१ मध्ये दुरुस्त झाला होता. तोही अ‍ॅरेच्या क्रमांकाच्या गणितातलाच. एकदा चूक सापडलेल्या भागात दुसरी सापडते हे या क्षेत्रात नेहमीचं आहे. म्हणून एकेक सीव्हीई धरून वाद घालण्यापेक्षा दर तिमाहीचं मायनर अपडेट नियमाने लावणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

आता ‘लॉगिन लागतं’ याचा अर्थ काय होतो ते पाहू. हल्लेखोराकडे पासवर्ड असायला हवा असा तो अर्थ नाही. तुमचं अ‍ॅप्लिकेशन दिवसभर लॉगिन होऊनच बसलेलं असतं. त्यात कुठे एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे वापरणाऱ्याने भरलेल्या मजकुरातून क्वेरी घुसवायला, फट असेल, तर इंटरनेटवरचा कोणीही त्या खात्याच्या नावाने क्वेरी चालवू शकतो. एरवी इंजेक्शनने त्या खात्याला दिसणारी टेबलं जातात. त्याच्या जोडीला असा ओव्हरफ्लो मिळाला की हल्लेखोर डेटाबेसच्या अधिकारांच्या चौकटीतूनच बाहेर पडतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमवर पोस्टग्रेसच्या खात्याने कोड चालवू लागतो. रिपोर्टिंग खात्यांचंही तेच. ती फक्त वाचू शकतात म्हणून निरुपद्रवी समजली जातात, पण सिलेक्टमध्येही अ‍ॅरेवर क्रिया करता येतात. फक्त-वाचन ही मर्यादा डेटापुरती असते, सर्व्हरच्या मेमरीला ती माहीत नसते.

म्हणून इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. अ‍ॅप्लिकेशनमधल्या सगळ्या क्वेरी ठरलेल्या असतील, किमती बाइंड पॅरामीटरनेच, म्हणजे क्वेरीच्या मजकुरापासून वेगळ्या, जात असतील आणि अ‍ॅरेचा क्रमांक कुठेही वापरणाऱ्याकडून येत नसेल, तर आजचा धोका बराच कमी आहे. पॅचसाठी एक-दोन आठवडे घ्या, चाचणी नीट करा. पण लोकांना हवी ती क्वेरी टाइप करू देणारं रिपोर्टिंग साधन असेल, बाहेरच्या लोकांकडे खाती असतील, किंवा एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांचे डेटाबेस असतील, तर पॅच याच आठवड्यात लावा. तिसरी शक्यताही आहे आणि ती दुर्दैवाने बरीच दिसते: अ‍ॅप्लिकेशनच सुपरयूझर, म्हणजे डेटाबेसचे सगळे अधिकार असलेल्या खात्याने जोडलेलं असतं. तसं असेल तर हल्लेखोराला ओव्हरफ्लोची गरजच नाही. पोस्टग्रेसचा सुपरयूझर कॉपी आज्ञेतून सर्व्हरवरचा प्रोग्रॅम चालवू शकतो, आणि ती चूक नसून दिलेली सोय आहे. आधी ते खातं बदला.

मिळणारं खातं रूट (ऑपरेटिंग सिस्टिमचं सर्वाधिकारी खातं) नसून पोस्टग्रेसचं असतं, यानेही फार सैल होऊ नका. त्या खात्याच्या हाती काय काय असतं त्याची यादी करून बघा: सगळ्या डेटाबेसच्या फाइली, सर्व्हरची टीएलएसची (जोडणी सांकेतिक करणाऱ्या पद्धतीची) खासगी किल्ली, रेप्लिकेशनचा पासवर्ड, दुसऱ्या मशीनवर जायला ठेवलेली एसएसएच किल्ली, बॅकअप साठ्यात लिहिण्याचे आणि कित्येकदा पुसण्याचेही अधिकार. ज्याला डेटा हवा आहे त्याला रूटची गरज क्वचितच पडते.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही तीन मेमरी-संरक्षणं मोजली आहेत: डेटाची मेमरी चालवता न येणं, पत्त्यांची सरमिसळ म्हणजे एएसएलआर, आणि स्टॅक कॅनरी. तिन्ही हवीतच, पण या दोषापुढे ती किती टिकतात ते एकेक करून पाहा.

कॅनरी म्हणजे फंक्शनच्या परतीच्या पत्त्याआधी ठेवलेली एक गुप्त संख्या. स्टॅकवरून सलग ओसंडून लिहिलं तर ती आधी बिघडते आणि प्रोसेस स्वतःहून बंद पडते. अ‍ॅरेची मेमरी स्टॅकवर नसते, ती सर्व्हर हीपमधून, म्हणजे लागेल तशी मागून घेण्याच्या मेमरीतून, घेतो. तिथलं लेखन कॅनरीला स्पर्शही करत नाही. चालवता न येणारी मेमरी हल्लेखोराला स्वतःचा कोड आणू देत नाही, पण सर्व्हरच्या आधीच असलेल्या कोडचे तुकडे जोडून काम साधण्याची रीत जुनी आहे. राहिलं एएसएलआर. त्याचा सगळा भरवसा पत्ते गुप्त राहण्यावर आहे, आणि या दोषाच्या अधिकृत वर्णनातच म्हटलंय की यातून सर्व्हरच्या मेमरीचा मोठा भाग वाचताही येतो. वाचता आलं की पत्ते कळतात.

पोस्टग्रेसच्या रचनेतली आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. लिनक्सवर प्रत्येक कनेक्शनची प्रोसेस ही मुख्य प्रोसेसची फोर्क केलेली प्रत असते. त्यामुळे पत्त्यांची मांडणी आणि कॅनरीची संख्या सगळ्या कनेक्शनना एकच मिळते. एक बॅकएंड (कनेक्शनची अशी एक प्रोसेस) कोसळला की मुख्य प्रोसेस बाकीचे बॅकएंड बंद करून शेअर्ड मेमरी नव्याने मांडते, पण स्वतः मात्र तीच राहते. म्हणजे कोसळल्यानंतरही मांडणी बदलत नाही आणि हल्लेखोराला अंदाज पुन्हा पुन्हा घेता येतात. सुदैवाने हे गुपचूप होत नाही, दर वेळी सगळी कनेक्शन तुटतात. ते ओळखायचं कसं, ते पुढे सांगतो.

फायरवॉलबद्दल एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अनेक जण पीजी_एचबीए या, कोणाला कुठून जोडू द्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलीतल्या नियमांनाच फायरवॉल समजतात. पण त्या नियमांत यूझर आणि डेटाबेस यांची नावं असतात, आणि ती कळायला सर्व्हरला आधी कनेक्शन स्वीकारून सुरुवातीचं पॅकेट वाचावं लागतं. टीएलएस असेल तर त्याची बोलणीही त्याआधी होतात. म्हणजे नकार मिळणारा पत्ताही सर्व्हरच्या थोड्याशा कोडपर्यंत पोचलेला असतो. लॉगिनआधीच्या कोडमध्ये दोष निघाला तर ही फाइल वाचवणार नाही. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमची किंवा जाळ्याचीच फायरवॉल लागते. तुमच्या दोषात मात्र उलटं आहे: फायरवॉलमधून मुद्दाम आत सोडलेलं अ‍ॅप्लिकेशनच वाट ठरतं. म्हणून दोन्ही थर ठेवा, पण दोन्ही मिळूनही पॅचची जागा घेत नाहीत.

पॅच पुढे ढकलावाच लागला तर मधल्या दिवसांत हे करता येतं. अ‍ॅरे बंद करण्याचं बटण नाही, तेव्हा वाटा कमी करायच्या. न वापरातली खाती नो-लॉगिन करा. कनेक्ट हा अधिकार पोस्टग्रेस मुळात पब्लिकला, म्हणजे सगळ्यांना देतो. तो काढून घ्या आणि लागेल त्यालाच द्या. मुक्त क्वेरीची साधनं रेप्लिकाकडे (मूळ सर्व्हरच्या चालत्या प्रतीकडे) वळवण्याचा सल्ला ऐकाल. त्याने मूळ सर्व्हर थोडा दूर राहतो, पण रेप्लिकावरही डेटा तोच आहे, म्हणून त्याला उपाय मानू नका. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) युनिटमध्ये नवे अधिकार मिळवण्यावर बंदी, होम फोल्डर लपवणं आणि सिस्टिमच्या फाइली फक्त-वाचन करणं हे पर्याय लावा. एसईलिनक्स (प्रोसेसवर जादा बंधनं घालणारी लिनक्समधली सोय) बंद करून ठेवलं असेल तर चालू करा. सर्व्हरकडून बाहेर जाणारी कनेक्शनही अडवा. हे फार कमी लोक करतात, आणि आत घुसलेल्याला सगळ्यात जास्त अडचण यानेच होते. डेटाबेसला बाहेर बोलण्याची गरज फक्त रेप्लिका, बॅकअप, वेळ आणि नावं यांसाठी असते.

आता पॅच लावण्याकडे. १४.१० मध्ये हा दोष गेला असला तरी तिथे थांबू नका, १४ मालिकेतली सर्वांत ताजी आवृत्ती घ्या. १४.१४ मध्ये एक अंतर्गत रचना बदलल्यामुळे आधी कंपाइल केलेली काही एक्स्टेन्शन अडचणीत आली होती, आणि ते १४.१५ मध्ये निस्तरलं गेलं. तुमचं स्वतःचं एक्स्टेन्शन असल्यामुळे हे मुद्दाम सांगतोय: ते नव्या आवृत्तीच्या हेडर फाइलींवर पुन्हा कंपाइल करून चाचणी सर्व्हरवर चालवा. १४ मालिकेचा पाठिंबा नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो. त्यामुळे मेजर अपग्रेडची आखणी वेगळी करा, पण तिच्यासाठी हे मायनर अडवू नका.

मधल्या सगळ्या आवृत्त्यांच्या नोंदी वाचा, फक्त शेवटचीच नाही. १४.१० च्या नोंदींत जीआयएसटी प्रकारचे इंडेक्स आणि इंटरव्हल (कालावधी) प्रकारच्या कॉलमवरचे बी-ट्री इंडेक्स पुन्हा बांधण्याचा सल्ला आहे. तो न वाचता पॅच लावला तर सुरक्षेचं भोक बुजेल, पण शोधाचे निकाल चुकीचे येण्याची शक्यता तशीच राहील. हे इंडेक्स कनकरंटली पर्यायाने चालू कामात बांधता येतात. त्यासाठी मोकळी डिस्क मात्र इंडेक्सच्या आकाराएवढी तरी ठेवा.

क्रम असा ठेवतो. आधी बॅकअप परत लावून पाहिलेला आहे याची खात्री. मग रेप्लिका आधी, मूळ सर्व्हर नंतर, कारण नवी मायनर आवृत्ती जुन्या आवृत्तीचा डब्ल्यूएएल (बदलांची नोंदवही) वाचण्याची शक्यता उलट्या दिशेपेक्षा जास्त असते. मूळ सर्व्हरवर आधी हाताने चेकपॉइंट चालवा. लिहायची राहिलेली पानं तेव्हाच डिस्कवर गेली की बंद व्हायला लागणारा वेळ कमी होतो. पीजीबाउन्सर (क्लायंट आणि सर्व्हरमध्ये बसून कनेक्शन सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याला पॉज द्या. तो चालू क्वेरी संपू देतो आणि नवी मागणी धरून ठेवतो, त्यामुळे बहुतेक क्लायंटना कनेक्शन तुटल्याचं कळतही नाही. मग फास्ट पद्धतीने बंद, नवी पॅकेज, चालू, आणि रिझ्यूम. इमिजिएट पद्धत टाळा. त्यात नीट बंद न होता पुढच्या वेळी रिकव्हरी करावी लागते आणि घाईत वाचवलेला वेळ तिथे जातो.

सगळ्यात जास्त चुका मात्र याच्या नंतर होतात. पॅकेज बदललं म्हणजे सर्व्हर बदलला असं नाही. काही वितरणांत पॅकेजसोबत सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतो, काहींत होत नाही. रीस्टार्ट झाला नसेल तर मेमरीत जुनाच कोड चालू असतो, आणि फोर्कमुळे आज उघडलेलं नवं कनेक्शनही जुनाच कोड चालवतं. स्कॅनर पॅकेजची यादी वाचत असेल तर तो मात्र हिरवा दिवा दाखवतो. म्हणून सर्व्हरलाच विचारा: क्लायंटमधून सर्व्हर_व्हर्जनचं शो चालवा, ते चालू प्रोसेसची आवृत्ती सांगतं. दुसरी खूण म्हणजे प्रोक फोल्डरमधली त्या प्रोसेसची एक्झी लिंक. जुनी फाइल काढून टाकली गेली असेल तर तिच्यापुढे डिलीटेड असं दिसतं. याच्या उलटही होतं. काही वितरणं आवृत्तीचा आकडा न बदलता फक्त दुरुस्ती मागे आणून लावतात, आणि स्कॅनर उगाच ओरडतो. तेव्हा पॅकेजच्या बदलनोंदीत सीव्हीई क्रमांक शोधायचा. कंटेनर वापरत असाल तर इमेजच नवी बांधून चढवा. आत जाऊन केलेलं अपडेट कंटेनर नव्याने बनवला की उडून जातं.

क्लायंटकडे दुर्लक्ष करू नका. जून २०१९ मधला सीव्हीई-२०१९-१०१६४ हा त्यासाठी चांगला धडा आहे. स्क्रॅम या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीत साठवलेल्या किल्ल्या ३२ बाइटांच्या असतात, पण त्यांचा बेस६४ मजकूर उलगडताना लांबी तपासली जात नव्हती. कोणताही लॉगिन झालेला यूझर स्वतःचाच पासवर्ड खास बनवलेल्या मजकुरावर बदलून सर्व्हरचा स्टॅक ओसंडवू शकत होता. दोष १० आणि ११ मालिकेत होता, १०.९ आणि ११.४ मध्ये गेला. तशीच चूक क्लायंटच्या लिबपीक्यू लायब्ररीतही होती, म्हणजे खोटा सर्व्हर क्लायंटवर हल्ला करू शकत होता. लिबपीक्यू फक्त सिस्टिमच्या पॅकेजमध्येच असते असं नाही. पायथनचं सायकोपीजी२-बायनरी पॅकेज स्वतःची प्रत सोबत घेऊन येतं, आणि सिस्टिमच्या अपडेटने ती बदलत नाही.

आधीच कोणी प्रयत्न केला आहे का, हे पाहण्यासाठी मागचे लॉग उघडा. सर्व्हर प्रोसेस सिग्नल ११ ने (चुकीच्या मेमरीला हात लावल्यामुळे) संपली, अशी ओळ शोधा. तिच्याखालच्या तपशिलात ती प्रोसेस कोणती क्वेरी चालवत होती तेही छापलेलं असतं, आणि बहुतेक निवाडा त्या एका ओळीवर होतो. सिग्नल ६ हा स्वतःहून बंद पडल्याचा. कॅनरी बिघडल्यावर तोच दिसतो. सिग्नल ९ बहुधा मेमरी संपल्यामुळे कर्नलने मारल्याचा असतो, त्याने घाबरू नका. एखादा सिग्नल ११ खराब रॅम किंवा एक्स्टेन्शनमधल्या चुकीमुळेही येतो. पण एकाच खात्याकडून, थोड्या थोड्या अंतराने, अ‍ॅरेचे विचित्र क्रमांक असलेल्या क्वेरीवर येत असेल तर तो अपघात नव्हे. पोस्टग्रेसच्या प्रोसेसखाली शेल चालू दिसणं ही आणखी ठळक खूण. पण आधी आर्काइव्ह कमांडचा शेल वगळा, तो नेहमीचा असतो. संशय पक्का झाला तर मशीन रीबूट करू नका, जाळ्यातून तोडा. स्लॅमरसारखे हल्ले फक्त मेमरीत राहतात आणि रीबूटने पुरावाही जातो. कोर डंप (कोसळलेल्या प्रोसेसच्या मेमरीची फाइल) जपून ठेवताना त्यात ग्राहकांचा डेटा असतो हे विसरू नका.

तुमच्या एक्स्टेन्शनबद्दल. ते सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये चालतं, त्यामुळे त्यातला ओव्हरफ्लो म्हणजे सर्व्हरचाच ओव्हरफ्लो, आणि तो शोधणारा स्कॅनर नाही. कोड उघडून मी या क्रमाने बघतो.

पहिली जागा टेक्स्ट किमती. पोस्टग्रेसमधला टेक्स्ट शून्य बाइटने संपत नाही, त्याची लांबी हेडरमध्ये असते. सीमधली स्ट्रिंगची नेहमीची फंक्शन थेट त्यावर चालवली की ती शून्य सापडेपर्यंत पुढची मेमरी वाचत जातात. टेक्स्ट_टू_सीस्ट्रिंगने प्रत काढा आणि तीच वापरा.

दुसरी जागा ठरावीक लांबीचे लोकल बफर. इथला गैरसमज फार पसरलेला आहे: फंक्शनच्या व्याख्येत आर्ग्युमेंट व्हारचार(२०) लिहिलं म्हणजे वीसपेक्षा लांब मजकूर येणार नाही, असं धरून २१ बाइटांचा बफर घेतलेला दिसतो. क्रिएट फंक्शन ती कंसातली मर्यादा टाकून देतं. आत कितीही लांब मजकूर येऊ शकतो. आणि मर्यादा लागू झाली असती तरी २० अक्षरं म्हणजे २० बाइट नव्हेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘मराठी’ या शब्दात मात्रांसह पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. इंग्रजी डेटावर वर्षभर बिनतक्रार चाललेला बफर मराठी नावं भरायला लागताच सांडतो तो यामुळे. स्ट्रिंग जोडायची असेल तर लांबी न मोजणारी फंक्शन काढून पोस्टग्रेसची स्ट्रिंगइन्फो वापरा, ती लागेल तशी वाढते.

तिसरी जागा गुणाकार. घटकांची संख्या गुणिले एका घटकाचा आकार एवढी मेमरी मागताना, संख्या बाहेरून येत असेल तर गुणाकार गुंडाळला जाऊ शकतो. पीअ‍ॅलॉक हे मेमरी देणारं पोस्टग्रेसचं फंक्शन १ जीबीपेक्षा मोठी मागणी नाकारतं, पण गुंडाळून लहान झालेली मागणी त्याला वैध वाटते आणि तो आनंदाने लहान तुकडा देतो. पोस्टग्रेसच्या कोडमध्येच ओव्हरफ्लो तपासणारी बेरीज-गुणाकाराची फंक्शन आहेत. ती घ्या. अ‍ॅरेचा खालचा क्रमांक १ धरला असेल तर तेही इथेच सुधारा.

नजरेने जे सुटतं ते यंत्राला शोधू द्या. एक्स्टेन्शन अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसह (मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या कंपायलरच्या सोयीसह) कंपाइल करून चाचणी सर्व्हरवर चालवा. पीअ‍ॅलॉक मोठा तुकडा घेऊन त्यातून वाटप करतं, त्यामुळे त्या तुकड्याच्या आतल्या आत झालेलं ओसंडणं सॅनिटायझरला दिसत नाही. म्हणून पोस्टग्रेसही असर्ट तपासण्यांसह बांधा. त्यात प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पहाऱ्याचा बाइट ठेवला जातो आणि तो बिघडला की लॉगमध्ये इशारा येतो. चाचणीत मुद्दाम हे द्या: रिकामा मजकूर, नल, १ जीबीच्या जवळचा मजकूर, सगळी देवनागरी, ऋण खालचा क्रमांक असलेला अ‍ॅरे, आणि २,१४,७४,८३,६४७ हा क्रमांक. प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर यांतलं काहीही चालवू नका, एक बॅकएंड कोसळला तरी सगळ्यांची कनेक्शन तुटतील.

पॅचची तारीख ठरवण्याआधी दोन गोष्टी कळवल्यात तर मी आणखी नेमकं सांगू शकेन: अ‍ॅप्लिकेशनचं खातं सुपरयूझर आहे का, आणि रिपोर्टिंग साधनात लोक स्वतः क्वेरी लिहितात का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर खातं आज बदला आणि पॅच या आठवड्यात.